आई-अण्णा कारखान्याला, मी पुण्याला: फरक कुठे आहे?

*ताई, मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या एका गावची. यंदा बी.कॉम. झाले. आई-अण्णा माझ्या जन्माआधीपासून ऊसतोडीला जातात. दसरा झाला की टोळी निघते आणि कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावरच गावी येते. मी आजीजवळ राहून शिकले. आता पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात नोकरी लागली आहे, ऑक्टोबरमध्ये हजर व्हायचंय. घरात सगळ्यांना आनंद झाला. पण त्याच आठवड्यात अण्णांनी टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाची आगाऊ उचल घेतली आणि आठवीतल्या धाकटीलाही यंदा बरोबर न्यायचं ठरवलं. ‘तू नसणार, आजी थकली, पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं?’ असं ते म्हणतात. चुलत्यांनी तर तिच्यासाठी स्थळही सुचवून ठेवलंय. बारावीच्या भूगोलात वाचलं होतं, माणसं चांगल्या संधीसाठी स्थलांतर करतात. आमच्या घरी इतकी वर्षं जाऊन कुठली संधी आली ते मला दिसत नाही. कधी कधी वाटतं, अण्णांना आता सवयच लागली आहे. आणि मीही निघालेच की, मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? धाकटीसाठी नोकरी सोडून गावातच थांबू का?*

नोकरी सोडू नकोस. पुण्याला जा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. पण टोळी निघायला फार दिवस उरलेले नाहीत. धाकटीचं काम त्याआधी व्हायला हवं, म्हणून त्याचंच पहिल्यांदा बोलू.

अण्णांच्या प्रश्नाचा राग मानू नकोस. पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा खरा प्रश्न आहे आणि तुमच्या भागातल्या हजारो आईबापांना तो दर दसऱ्याला पडतो. त्याला उत्तर म्हणून ‘शिक्षण महत्त्वाचं आहे’ असं सांगायला गेलीस तर भांडण होईल, कारण ते त्यांनाही ठाऊक आहे. तुला त्यांनी बी.कॉम. होऊ दिलं ते काही उगीच नाही. त्यांना भरवसा हवा आहे, तर तोच त्यांच्यासमोर नेऊन ठेव.

उद्याच धाकटीच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेट आणि हंगामी वसतिगृहाचं विचार. नाव वसतिगृह असलं तरी बहुतेक ठिकाणी मुलं गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात आणि त्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या खाण्याची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. म्हणजे थकलेल्या आजीला चूल सांभाळावी लागत नाही, नात फक्त रात्री तिच्याजवळ असते. टोळ्या गेल्यावर किती मुलं मागे राहणार, याची यादी शाळेला आधी करावी लागते. त्या यादीत धाकटीचं नाव तू स्वतः उभी राहून घाल. तुमच्या शाळेत ही सोय नसेल, तर ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी असलेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेची चौकशी समाज कल्याण कार्यालयात कर. तिथे मुलींची व्यवस्था वेगळी असते. जवळपास कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय असेल तर तेही बघ. आणि हे सगळं बघायला अण्णांना बरोबर ने. पोरगी कुठे झोपणार, रात्री दाराला कडी कोण लावणार, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की तुझ्या दहा वाक्यांचं काम त्याने होईल.

एवढं करूनही न्यायचंच ठरलं, तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घेतल्याशिवाय तिला गाडीत बसू देऊ नकोस. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जिथे टोळी उतरेल तिथल्या जवळच्या शाळेला तिला वर्षाच्या मध्येही घ्यावं लागतं, दाखला मागे राहिला म्हणून परत पाठवता येत नाही. फक्त टोळी कर्नाटकातल्या कारखान्याला जाणार असेल, तर मराठी शाळा जवळ आहे का ते मुकादमाला आत्ताच विचार. आठवीतली पोर कानडी शाळेत जाऊन बसेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. आणि एकदा उसाच्या फडात गेलेली आठवीतली मुलगी तिथे नुसती थांबत नाही, ती पाणी भरते, स्वयंपाक करते, लहानग्यांना सांभाळते, दोन वर्षांत तिच्या हातात कोयता येतो.

स्थळाचं तर बोलायलाच नको. आठवीतल्या मुलीचं लग्न हा २००६च्या कायद्याने गुन्हा आहे आणि गावातला ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो. चुलत्यांना एकदा नीट, सगळ्यांसमोर सांग. त्यांनी ऐकलं नाही तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर लक्षात ठेव. तो फोन करताना आपण घराविरुद्ध जातोय असं वाटेल, पण तू धाकटीच्या बाजूने उभी असशील. तुमच्याकडे कोवळ्या वयातल्या लग्नांची दोन कारणं मला कायम दिसतात. मागे राहिलेल्या मुलीची काळजी हे एक. दुसरं म्हणजे लग्न झालं की नवरा-बायकोच्या जोडीचा एक पूर्ण कोयता होतो आणि त्यावर उचल मिळते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात, त्याला कुणी लवकर घेत नाही. धाकटीच्या लग्नाच्या गोष्टीत ही उचल कुठे लपली आहे का, ते डोळे उघडे ठेवून बघ.

आता सवयीबद्दल. हा शब्द अण्णांसाठी वापरू नकोस, मनातसुद्धा नको. माणूस दरवर्षी बायकोला घेऊन दोनशे-तीनशे किलोमीटरवर पाचटाच्या झोपडीत, कोपीत राहायला सवय म्हणून जात नाही.

तुमचं गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत आहे. सह्याद्रीने पाऊस अडवून घेतला की उरलेला तुमच्या वाट्याला येतो, आणि तोही उताराच्या हलक्या जमिनीवरून वाहून जातो. खरिपाचं एक पीक हाती येतं. ते निघालं की पुढचे सहा महिने त्या जमिनीला पाणी नाही आणि घरातल्या हातांना काम नाही. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं खडी फोडायला रस्त्यावर आली होती. तेव्हाच्या पिढीने एक गोष्ट पाहून ठेवली: गावात सगळं थांबतं तेव्हा कारखाने चालू असतात.

याची दुसरी बाजू पुस्तकात सहसा नसते. १९५०मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे कालव्यांच्या पट्ट्यात एकामागून एक कारखाने निघाले. ऊस तोडल्यावर लवकर गाळला नाही तर त्याचं वजन घटतं, साखर कमी होते. म्हणून कारखान्याला असा मजूर लागतो, जो फडाशेजारीच राहील, रात्री दोनला ट्रॅक्टर आला तरी मोळ्या भरायला उठेल आणि हंगाम संपला की निघून जाईल. स्थानिक माणूस संध्याकाळी घरी जातो. तुझे अण्णा जाऊ शकत नाहीत. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज, शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातलं पाथर्डी, असा मोठा कोरडा पट्टा वर्षानुवर्षे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूरचा आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकाचा ऊस तोडतो आहे. म्हणजे तुमच्या गावाची कोरड आणि त्यांच्या गावाचं पाणी, दोन्हींचा हिशोब तुझ्या आईच्या कंबरेवर मांडला गेला आहे.

स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये एव्हरेट ली नावाचे अमेरिकन अभ्यासक होऊन गेले. त्यांनी १९६६मध्ये मांडलं की जिथून माणूस निघतो तिथली परिस्थिती त्याला ढकलते, जिथे जातो तिथली ओढते, मधे अडथळे असतात आणि शेवटी ज्याच्या-त्याच्या घरची कारणं असतात. बारावीत तू वाचलेली संधी म्हणजे यातली फक्त ओढ. ली यांची मांडणी चांगली आहे, मलाही पटते. तरी तुमच्या घराचं कोडं तेवढ्याने सुटत नाही, कारण इथे उचल आहे.

पैसा कधी लागतो बघ. पावसाळ्यात बियाणं-खत, शाळेची सुरुवात, कुणाचं दवाखान्याचं, मागच्या लग्नाचं देणं. बँक दारात उभं करत नाही, तेव्हा मुकादम येतो आणि एका कोयत्यामागे हजारोंची, आता तर लाखाच्या घरातली रक्कम हातावर ठेवतो. दसऱ्याला निघणं त्या दिवशीच ठरून जातं. पुढे तोडलेल्या टनांमधून ती रक्कम फिटायची. ऊस कमी मिळाला, बैल मेला, आई आजारी पडून खाडे झाले, की फिटत नाही आणि बाकी पुढच्या हंगामावर चढते. कर्जापायी माणसाला कामाला बांधून ठेवणं १९७६च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, तरी उचल चालूच आहे, कारण ती देणारा आणि घेणारा दोघेही तिला मजुरीच म्हणतात. अण्णा जातात ते या कारणाने.

आणि म्हणून ‘त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय’ या तुझ्या प्रश्नाला मी टाळणार नाही. पुस्तकात स्थलांतराचे प्रकार लिहिलेले असतात: हंगामी, कायमचं, गावातून शहरात, राज्यांतर्गत, देशाबाहेर, स्वेच्छेचं, सक्तीचं. परीक्षेला ते ठीक आहे. पण आयुष्य समजायला मी एकच गोष्ट विचारते: जाणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येतं का, आणि मनात आलं तर परत फिरता येतं का?

हे लावून बघ. फलटण-बारामतीकडचे धनगरही हंगामी जातात, दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. वाड्यात, म्हणजे त्यांच्या फिरत्या तळावर, बायका-पोरं असतात, उन्हातान्हाचे हालही असतात. पण मेंढरं त्यांची स्वतःची असतात. शेतात कळप बसवला की खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. कुठे बसायचं, कधी हलायचं, हे वाड्यातली माणसं ठरवतात. कागदावर ते आणि तुझे अण्णा एकाच रकान्यात बसतात. मला ते एका रकान्यातले वाटत नाहीत.

किंवा सांगली जिल्ह्यातले खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक घे. तोही दुष्काळी मुलूख. तिथली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरली. एकजण परमुलखात जाऊन दुकानात शिकला, त्याने भावाला नेलं, भावाने मेहुण्याला, त्याने गावच्या पोराला. अभ्यासक याला साखळी स्थलांतर म्हणतात. ढकलणारी कोरड तुमच्यासारखीच, पण पहिल्याने दुसऱ्याला नेलं ते धंदा शिकवायला. तुमच्याकडेही साखळी आहेच, मुकादम गावचाच असतो, पण ती कर्जाची आहे.

मुंबईच्या गिरण्यांचंही असंच तपासता येतं. १८५४मध्ये पहिली गिरणी निघाली आणि पुढची शंभरेक वर्षं रत्नागिरी-सातारचे पुरुष गिरणगावातल्या एका खोलीत वीस-वीसजण पाळीने झोपत राहिले. बायका गावी शेत सांभाळत आणि मनीऑर्डरीची वाट बघत. नोकरी पक्की होती, संघटना होती, गाव हातचं सुटलेलं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा कित्येकांनी गावच्या शेतावर दिवस काढले. गिरण्या गेल्या हे दुःख मोठंच आहे, पण इतके दिवस लढता आलं ते परतायला जागा होती म्हणून.

उलट टोकाला कोयना आहे. धरणाच्या पाण्याखाली गावं गेली आणि माणसं रायगड-ठाण्यापासून सोलापूरपर्यंत उधळली. सरदार सरोवरात नंदुरबारच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ आदिवासी गावं आली. त्यांना ना ‘नाही’ म्हणता आलं, ना परतता. कुणी त्यांना स्थलांतरित म्हटलं तर मला राग येतो. त्यांना उठवलं गेलं.

आणि तुझी आई? ती या सगळ्याच्या आधी एकदा स्थलांतरित झाली आहे, लग्न होऊन तुमच्या गावी आली तेव्हा. २०११च्या जनगणनेत देशात ४५ कोटींच्या वर माणसं जन्मगाव किंवा आधीचं राहण्याचं ठिकाण सोडून आलेली नोंदवली आहेत आणि त्यांच्यात सर्वांत मोठं कारण लग्न आहे. इंग्लंडमध्ये १८८५मध्ये रॅव्हनस्टाइन यांनी जनगणनेचे आकडे तपासून लिहिलं होतं की बहुतेक माणसं जवळच्या जवळ हलतात आणि बायका पुरुषांपेक्षा जास्त हलतात. आपल्याकडेही तेच. फक्त बाईचं हे जाणं आपण इतकं गृहीत धरतो, की त्याला कुणी स्थलांतर म्हणत नाही. तू नोकरीसाठी निघाली आहेस. तुमच्या घरातली कामाच्या बळावर, एकटी, स्वतःच्या नावाने बाहेर पडणारी पहिली बाई तूच असशील. आई-अण्णांनी पैसे आधी घेतलेत, काम नंतर करायचंय. तू काम आधी करशील आणि पगार नंतर घेशील. पटलं नाही तर नोटीस देऊन सोडशील. हा फरक कागदावर एका ओळीचा असला तरी अण्णांचा सगळा जन्म त्या ओळीच्या पलीकडे गेला आहे.

म्हणून अपराधी वाटून घेऊ नकोस. पण पुण्याला गेलीस की घर सोडवण्याचा सगळा भार एकटीने उचलायचाही नाही. पहिल्या पगारात उचल फेडायची शपथ घेणाऱ्या पोरी मी पत्रांतून पाहते. वर्षभरात त्या स्वतःच कर्जात असतात. त्याऐवजी एक छोटं काम धर. पुढच्या जून-जुलैत घराला जो पैसा लागेल, त्यातला थोडा भाग तू, थोडा आईचा बचत गट, थोडा वेळेवर मागितलेलं पीककर्ज, असा जमवून बघ. पुढच्या वर्षी उचल निम्मी जरी झाली, तरी अण्णांना मुकादमाशी बोलताना मान वर करता येईल.

तुझं अकाउंट्सचं शिक्षण याच हंगामापासून कामाला लाव. अण्णांना एक जाडजूड वही दे. घेतलेली उचल, तारीख, साक्षीला कोण होतं, रोजच्या खेपा, काट्यावरच्या पावतीवरचं वजन, खाडे, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून आलेले पैसे. लिहायला जमत नसेल तर पावतीचा फोटो काढून रोज रात्री तुला पाठवायचा, तू पुण्यात बसून हिशोब मांड. जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती अण्णांच्या हिशोबात प्रत्यक्ष धरली जाते का, हे तुझ्याइतकं नीट कोण तपासणार? पट्टा पडल्यावर मुकादम जो आकडा सांगेल त्याच्यासमोर ठेवायला तुमच्या घरी आजवर काहीच नव्हतं.

आईसाठी एक गोष्ट वेगळी सांगते, ती अण्णांसमोर नाही, एकटीला सांग. २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळी आली, अंगावरून गेलं की खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, आणि मग ‘पिशवीच काढून टाका, कटकट मिटेल’ असं सांगणारा कुणीतरी भेटतो. आईला कुणी असं सांगितलं तर लगेच हो म्हणू नये, आधी तुला फोन करावा आणि सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावं. निघण्याआधी एकदा तपासणी करून घ्या, रक्ताची तरी.

‘गावातच पाणी अडवलं तर कुणाला जावंच लागणार नाही,’ असं तुला कुणीतरी नक्की म्हणेल. ते खोटं नाही. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये पोपटराव पवार सरपंच झाल्यावर पाणलोटाची कामं झाली, पाण्याचा हिशोब ठेवला गेला आणि बाहेर गेलेली कुटुंबं परतली. जालन्याच्या कडवंचीतही पाणलोटावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तुमच्या ग्रामसभेत हा विषय जरूर निघावा. पण ती सगळ्या गावाची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. धाकटीची आठवी तोवर थांबणार नाही. आणि तोडणीची यंत्रं वाढत चालली आहेत, म्हणजे काही वर्षांत जाणं थांबेलही, पण काम नाही म्हणून थांबेल. तेव्हा दुसरी वाट घरात तयार असायला हवी. ती वाट तू आणि धाकटी आहात. गाव सोडू नका म्हणणाऱ्यांनी आधी गावात सहा महिन्यांचं काम दाखवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाण्याआधीची कागदांची कामं राहिली. ग्रामसेवकाकडे आई-अण्णांची ऊसतोड कामगार म्हणून नोंदणी झाली आहे का, ओळखपत्र मिळालं आहे का, ते बघ. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी तेच लागतं. रेशन कार्डाला सगळ्यांचे आधार जोडलेले असतील तर आई-अण्णांचं धान्य कारखान्याजवळच्या दुकानातून आणि आजी-धाकटीचं गावातून घेता येतं. टोळी कर्नाटकात गेली तरीही. तुझ्या स्वतःच्या बाबतीत, नेमणूकपत्र लेखी घे, पगार नेमका किती आणि पीएफ कापणार का ते त्यात असू दे, तू कंपनीची कर्मचारी आहेस की ठेकेदाराची ते विचारून घे.

आणि हंगामी वसतिगृहाला शाळेने नाही म्हटलं, तर ते ‘नाही’ लेखी माग. तो कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. टोळी निघायच्या आधी जा, एकटी जाऊ नकोस, तुमच्या गावातल्या अजून चार-पाच मुलींच्या आयांना बरोबर घे. त्यांच्याही पोरींची नावं त्या यादीत जायची आहेत.